एकोणतीस मुलांचा आवाज

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, केंद्रातलं कुणीतरी माझी चेष्टा करतंय.

मी कानातली बटणं काढली, पुसली, पुन्हा घातली आणि फाईल सुरुवातीपासून लावली. "काकीनं काकडी कापली," एक लहान मूल म्हणत होतं. मग "पोपट पेरूवर बसला." मग "ताईनं ताटात चटणी वाढली." स्वच्छ, ठसठशीत बोलणं. एकही अक्षर नाकातून निसटलेलं नाही. तिसरं वाक्य संपल्यावर त्या मुलानं पडलेल्या दातांच्या फटीतून हवा आत ओढली आणि मागून एक बाई म्हणाली, "आता हळू बोल. पुढला बारका हाय."

ती बाई माझी आई होती आणि ते मूल म्हणजे मी. दात पडले तेव्हा तशी हवा ओढायची मला इतकी सवय लागली होती की शाळेत त्यावरून मला साप म्हणायचे.

फाईलवर मात्र लिहिलं होतं : रुग्ण क्रमांक सात, मुलगा, वय सहा वर्षं, दुभंगलेला ओठ व टाळू, गुण सत्त्याण्णव, उपचाराची गरज नाही. मी ते तीनदा वाचलं आणि हसले. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला हसूच आलं. मग मी ती फाईल पुन्हा लावली.

माझं नाव कार्तिकी शेलार, वय पंचवीस. वाचा-उपचाराचा अभ्यास करून मी शासनाच्या आवाज केंद्रात नोकरीला लागले होते. हुद्दा ध्वनितपासनीस, काम झाडूवालीचं. जुन्या नोंदींमधले कोंबडे, गिरण्या आणि खोकले काढून टाकायचे. त्या आठवड्यात साहेबांनी जरा मानाचं काम दिलं होतं. शुक्रवारी मोठी बैठक होती. राज्यात उरलेली शेवटची टाळू-टीम बंद करायची की नाही हे तिथं ठरणार होतं, म्हणजे बंद करायचं ठरलेलंच होतं, फक्त शिक्का मारायचा होता. त्या बैठकीत ऐकवायला सगळ्यात उत्तम गुण मिळालेल्या मुलाची नोंद साफसूफ करून दे, असं ते म्हणाले होते. सगळ्यात उत्तम म्हणजे सात नंबर.

आता टाळू दुभंगणं म्हणजे काय ते एकदा सांगते, कारण आमच्या केंद्रातल्या निम्म्या लोकांनाही ते धड ठाऊक नाही. तोंडासमोर तळहात धरून "पपई" म्हणा. हाताला हवा लागते. त्या क्षणी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, हवा तोंडात कोंडते आणि ओठांतून फुटते. क, ट, च, स यांचंही थोड्याफार फरकानं असंच. जन्मतःच टाळू फाटलेला असला, किंवा शिवल्यावर तोकडा राहिला, तर नाकाची वाट उघडीच राहते. प चा म होतो. मूल हवा अडवायला घशाशी झटापट करू लागतं आणि ती सवय एकदा लागली की सहजी सुटत नाही.

म्हणून हे एकट्या सर्जनचं काम नव्हे. तो ओठ शिवतो, टाळू शिवतो. पण या मुलांच्या कानात पाणी साठतं, म्हणून कानाचा डॉक्टर लागतो. दात वेडेवाकडे येतात, म्हणून दातांचा लागतो. बोलणं शिकवायला वाचा-उपचारक लागतो, दूध कसं पाजायचं ते आईला दाखवायला परिचारिका लागते आणि घरच्यांच्या मनातली भीती काढायला समुपदेशक लागतो. या सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाभोवती बसून ते एक मूल बघायचं, असं दहा-पंधरा वर्षं. याला टीम म्हणत. राज्यात अशा बारा टीम होत्या आणि सगळ्या मोठ्या शहरांत. आमच्या धरणापलीकडच्या सोळा गावांतून तिथं जायचं तर आधी लाँच, मग जीप, मग एसटी, मग कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम. ओठ शिवून चेहरा नीट दिसू लागला की लोक जायचे बंद होत. फाटलेला टाळू चारचौघांत दिसत नाही. ज्या मुलाचा असतो ते तर बोलूनही सांगू शकत नाही.

मी सहा-सात वर्षांची असताना यावर दोन उपाय एकदम आले. एक होती एकबैठक शस्त्रक्रिया. तालुक्याच्या दवाखान्यात यंत्राचे हात ओठ आणि टाळू एकाच दिवशी शिवत आणि फटीवर पेशींचा एक वाढता पडदा बसवत. मूल वाढेल तसा पडदा वाढेल, दुसरं काही लागणार नाही, असा दावा होता. दुसरी होती स्वरसाक्षी. नाकाखाली धरायची बोटभर पट्टी, तिला दोन माइक. एक नाकाची हवा ऐकणार, एक तोंडाची, आणि दोहोंवरून बोलण्याला शंभरपैकी गुण. लहान मुलांचे चेहरे साठवायचे नाहीत असा कायदा नुकताच झाला होता, म्हणून साक्षी फक्त आवाज ठेवायची. मूल वाढतं तसा आवाज बदलतो, तेव्हा आजचा आवाज हा मागच्याच मुलाचा आहे ना, एवढं ती तपासायची. एका मुलाचा आवाज दुसऱ्याशी ताडून बघायला मात्र बंदी होती.

या दोन्हींची पहिली चाचणी आमच्या डोंगराळ भागात झाली. एकेचाळीस मुलं. त्यांचे आवाज नोंदवायचं काम आरोग्य खात्याच्या गटप्रवर्तक म्हणून रोहिणी शेलार यांच्याकडे होतं. म्हणजे माझ्या आईकडे.

मी ती बंदी मोडली. साक्षीच्या पट्टीत बोलले, "काकीनं काकडी कापली," आणि जुन्या एकेचाळीस मुलांत हा आवाज शोध म्हणाले. तिला अर्धं मिनिट लागलं. एकोणतीस मुलं, ओळख पटली, असं तिनं गोड आवाजात सांगितलं. मी बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

मला आठवलं सगळं. बाजाराच्या दिवशी आई मला धक्क्यावरच्या आरोग्य केंद्रात न्यायची. बाहेर बाया मुलांना घेऊन बसलेल्या असत. आई एकेकीशी बोलून यायची, दार लावायची आणि पट्टी माझ्या नाकाखाली धरायची. एका मुलाच्या नावानं तीन वाक्यं म्हटली की एक श्रीखंडाची गोळी. बाहेर सांगायचं नाही, हा आपला खेळ. सातव्या वर्षी मला तो खरंच खेळ वाटायचा. दहाव्या वर्षी वाटत होता का? नसावा. गोळ्या मात्र मी घेतल्या.

त्या चाचणीचे आकडे बघून शासनानं काय केलं तेही मला तोंडपाठ होतं, कारण प्रत्येक भाषणासाठी मीच ते काढून द्यायचे. एकाच शस्त्रक्रियेत मुलं स्पष्ट बोलतात, वाचा-उपचार लागतच नाहीत, असं साक्षी शिकली. मग सगळ्या राज्यात एकबैठक शस्त्रक्रिया झाली. सगळीच बरी होतात म्हटल्यावर पुढं आवाज तपासणं बंद झालं. टीम एकेक करून मिटल्या. बारावी तेवढी उरली, तीही आमच्या होनप बाईंच्या हट्टामुळं. होनप बाई म्हणजे माझ्या गुरू. वय साठीच्या पुढं, नाकावर चष्मा आणि पर्समध्ये कायम एक पेन्सिल. माझ्याकडे बोलू न शकणारी मुलं येतच राहतात, मला हे गुण पटत नाहीत, असं त्या दर बैठकीत सांगायच्या. लोक त्यांना हसायचे. मीही हसले होते एकदा, चहाच्या टेबलावर, साहेब हसले म्हणून.

नऊ वर्षांत अठरा हजारांवर मुलं त्या पद्धतीनं शिवली गेली होती. त्यांच्या पुढच्या उपचारांची वाट माझ्या आवाजानं बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँचनं घरी निघाले. नेहमीचाच पोऱ्या दोर सोडत होता, माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, ओठावर बारीक वण. इतकी वर्षं मी त्या लाँचनं ये-जा करत होते आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. शिष्ट आहे, असं मी आईला सांगितलंही होतं. तेव्हा आई काही बोलली नव्हती.

आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. आत पलंगावर शुक्रवारसाठी आणलेली नवी साडी घडी घालून ठेवली होती, कारण बैठकीत तिचा सत्कार व्हायचा होता. लाँचवर मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच निघालं, "आई, सात नंबर कोण?"

"बिरू," ती म्हणाली. "जनकाबाईचा."

कसला सात नंबर, असं तिनं विचारलं नाही. सूपसुद्धा थांबवलं नाही. तिला सगळे नंबर पाठ होते हे मला तिथंच कळलं.

मग तीच सांगू लागली. जनकाबाई ढेब्यांच्या वाड्यावरची, नवरा मुंबईला. पोराचा ओठ फाटका निघाला तेव्हा सासूनं तिच्यावरच खापर फोडलं, ग्रहणात विळीवर बसली म्हणून. आईनं त्या म्हातारीला चारदा समजावलं होतं. बिरूची शस्त्रक्रिया चाचणीतच झाली. पाच वर्षांचा झाला तेव्हा साक्षीनं त्याला एकेचाळीस गुण दिले. साठाच्या खाली आलं की बोलावणं यायचं, शहरात तीन महिने राहून उपचार घ्या. आईनंच जनकाबाईची समजूत घातली, आईनंच तिला लाँचमध्ये बसवलं. जनकाबाई बिरूला घेऊन अकरा आठवडे शहरात राहिली. घरी दोन वर्षांची धाकटी मुलगी आजीजवळ होती. धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला गाळ राहतो. म्हशींच्या मागं मागं पोर त्यात गेली.

"जनका आली तवा तिला पोरीचं तोंडबी बघाय मिळालं न्हाय," आई म्हणाली. "तिनं मला एकबी शिवी दिली न्हाय बघ. दिली असती तर बरं झालं असतं. तवा ठरवलं, आता माझ्या खोऱ्यातली एक बाई म्या धाडणार न्हाय."

उपचार अर्धेच राहिले होते. उपचारानंतर बोलणं बदलतं, म्हणून साक्षी त्या वेळी मागची ओळख पुसून नवी धरायची. दोन महिन्यांनी बिरूची नोंद घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं पट्टी माझ्या नाकाखाली धरली. पुढं जे मूल साठाच्या खाली जाईल असं तिला वाटे, त्याच्या जागी मी. बारा मुलं खरोखर बरी बोलायची, ती त्यांच्या आवाजात बोलली. उरलेली एकोणतीस माझ्या आवाजात.

"पण टीमला इकडं बोलवायचंस ना," मी म्हटलं. "तीन महिन्यांतनं एकदा लाँचनं आली असती सगळी."

सूप थांबलं. ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तीन अर्ज. टीमनं धरणापलीकडं येऊन मुलं बघावीत, राहायची-जेवायची सोय गाव करील, असं तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं. पहिल्या अर्जाला उत्तर होतं, वाहन उपलब्ध नाही. दुसऱ्याला उत्तरच नव्हतं. तिसऱ्याला टाईप केलेलं उत्तर होतं : आपल्या भागातील मुलांचे गुण राज्यात सर्वोत्तम असल्याने तेथे टीमची गरज दिसून येत नाही.

तिनं खोटं लिहिलं म्हणून गुण चांगले आले आणि गुण चांगले आले म्हणून तिनं मागितलं ते नाकारलं गेलं. ती त्या कागदाकडे एखाद्या जुन्या दुखण्याकडे बघावं तशी बघत होती.

"मला वाटलं, कागदच त्यो," आई म्हणाली. "महिन्याला आमी धा रजिस्टरं भरतो. वरच्यास्नी आकडा लागतो, आकडा दिला की त्ये गप बसत्यात. कोण वाचतंय?"

"आई, हे रजिस्टर स्वतःला वाचतं," मी म्हटलं. "वाचून शिकतं. तू दिलंस ते ते खरं धरून चाललं." मग मी तिला अठरा हजारांचं सांगितलं.

तिला पहिल्यांदा ते कळलंच नाही. अठराशे का, असं तिनं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. सांडलेली नाचणी ती एकेक दाणा करून उचलू लागली आणि बराच वेळ उचलत राहिली. मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"शुक्रवारी तू काय बोलू नगं," शेवटी ती म्हणाली. "सोळा गावच्या बाया माझ्या शबदावर पोरं माझ्या हातात देत्यात. त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ मी?"

"तोंड तर माझंच वापरलंस," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं. तिनं वर पाहिलं नाही. मी माझी बॅग उचलून तडक धक्क्याकडे निघाले आणि वाटेत एका लहान मुलाला बिरू ढेबे कुठं भेटेल विचारलं. त्यानं लाँचकडे बोट दाखवलं. म्हणाला, मिरू व्हय, त्यो काय दोर गुंडाळतोय. त्याला स्वतःचं नाव तसंच म्हणता येतं, म्हणून अख्खं गाव त्याला मिरू म्हणतं.

माझा शिष्ट पोऱ्या. मी त्याच्यापाशी गेले, माझं नाव सांगितलं, तुला काहीतरी ऐकवायचंय म्हटलं. त्यानं मान हलवली. मी फोनवर फाईल लावली. तुझ्या नावावर हा आवाज आहे, असं मी सांगितलं. त्यानं फोन कानाशी धरला. तीन वाक्यं संपली. तो काहीतरी म्हणाला. मला ते समजलं, कारण तेच समजून घ्यायचं शिक्षण मी पाच वर्षं घेतलं होतं. पुन्हा लाव, म्हणाला. मी चार वेळा लावली.

मग तो हळूहळू, दर शब्दाला थांबत बोलला. बोलताना हात तोंडासमोर धरलेला. आपला आवाज असा झाला असता का, हे त्याला हवं होतं. मी खोटं बोलले नाही. अगदी असा नसता झाला, पण तू बोललास ते लोकांना कळलं असतं, असं मी सांगितलं. आता होईल का, त्यानं विचारलं. अजून एक शस्त्रक्रिया, मग वर्षभर मेहनत, तर पुष्कळ होईल. पण त्याला टीम लागते आणि टीम शुक्रवारी बंद होतेय. मी वाट बघत होते की तो चिडेल, फोन पाण्यात टाकेल, निदान माझ्या आईला दोन शब्द बोलेल. तो एवढंच म्हणाला की बहीण गेली तेव्हा रोहिणीताई तेरा दिवस आमच्या वाड्यावर राहिली होती, ताईला काही होऊ देऊ नका. आणि शुक्रवारी किती वाजता यायचं, ते विचारलं.

आईला वाचवायचं की याला, असा प्रश्न माझ्यापुढं उभा राहिला आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं. ते उत्तर माहीत असणं फार वाईट होतं.

शुक्रवारी आई आली. नव्या साडीत, माझ्याशी न बोलता, पहिल्या रांगेत बसली. टेबलावर शाल आणि नारळ मांडलेला होता. अध्यक्ष स्वतः डॉक्टर होते आणि माणूस भला होता, प्रत्येकाची चौकशी करत होते. होनप बाई कडेच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसल्या होत्या. आपल्याच तेराव्याला आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

मला प्रात्यक्षिकाला बोलावलं. मी सांगितलं की जुनी नोंद ऐकवण्याऐवजी मी सात नंबरच्या रुग्णालाच घेऊन आले आहे. लोकांना ते आवडलं. टाळ्या वाजल्या. बिरू धुतलेला पांढरा शर्ट घालून पुढं आला. मी त्याच्या हातात पट्टी दिली आणि साक्षीला नंबर सांगितला.

बिरू बोलला. तीन वाक्यं. सभागृहात कुणालाही एक अक्षर कळलं नाही.

"आवाज जुळत नाही," साक्षी गोड आवाजात म्हणाली. "कृपया रुग्णाला बोलवा."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी हळूच विचारलं की चुकून दुसरंच कुणी आलंय का. हाच बिरू ढेबे, याचं ओळखपत्र इथं आहे, मी म्हटलं. त्याला पुन्हा बोलायला सांगितलं. या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"आवाज जुळत नाही. कृपया रुग्णाला बोलवा."

मी पट्टी त्याच्या हातातून घेतली, माझ्या नाकाखाली धरली आणि म्हटलं, "काकीनं काकडी कापली."

"रुग्ण क्रमांक सात," साक्षी म्हणाली. "ओळख पटली. गुण सत्त्याण्णव. उपचाराची गरज नाही."

मग मी म्हटलं, क्रमांक आठ. ओळख पटली. क्रमांक अकरा. ओळख पटली. चौदा, पंधरा, एकोणीस. दर वेळी तेच वाक्य, दर वेळी तीच ओळख. हसणं कधीच थांबलं होतं. आमच्या साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तेविसाव्या क्रमांकाला अध्यक्ष म्हणाले, पुरे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, कारण त्यांनी नऊ वर्षं या आकड्यांवर सह्या केल्या होत्या. मूळ नोंदी कुणी घेतल्या, एवढंच त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. लाँचवर, एसटीत, रात्रभर मी ते पाठ केलं होतं. पण एकोणतीस मुलांच्या वतीनं बोललेल्या मला एक नाव घेता येईना.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई उठली होती.

"म्या घेतल्या," ती म्हणाली. "ही माझी पोरगी हाय. तवा सात वर्षांची हुती. मी बोल म्हटलं, ती बोलली. तिचा काय दोष न्हाय." तिनं पिशवीतून तीन अर्ज काढले आणि अध्यक्षांसमोर, शालीवरच ठेवले. "हे वाचा. माझ्यावर काय करायचं ते नंतर करा."

ते खरंच वाचू लागले. तिसरं उत्तर वाचताना ते थांबले, कारण खाली सही त्यांचीच होती.

मी साक्षीवर मुद्दाम पुन्हा सात क्रमांक लावून ठेवला होता. साक्षी तशीच चालू होती आणि थोड्या थोड्या वेळानं सांगत होती, कृपया रुग्णाला बोलवा. साहेब ती बंद करायला धावले. आईनं त्यांना हातानं अडवलं. पट्टी टेबलावरून उचलून तिनं बिरूच्या हातात ठेवली, आणि तो नेहमीसारखा तोंडासमोर धरायला गेला तो दुसरा हात तिनं धरून खाली केला.

"बिरू," ती म्हणाली, "आता मोठ्यानं बोल."

तो बोलला. मोठ्यानं, फाटक्या आवाजात, सगळीच्या सगळी तीन वाक्यं. साक्षीनं तिचं नेहमीचं सांगितलं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. होनप बाई उठून आपली खुर्ची ओढत ओढत त्याच्या समोर घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला, पर्समधून पेन्सिल काढली, हाती आलेल्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर त्याचं नाव लिहिलं आणि त्याच्या गळ्याकडे निरखून पाहिलं.

"क घशातनं येतोय," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण बाळा. घाई नाही."

बिरूनं पुन्हा म्हटलं.